बेडूक आणि गेंडा: बडोद्याच्या रविवारच्या फेरीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात दर रविवारी सकाळी सातला आम्ही दहा-पंधरा जण कमाटीबागेत जमतो. निम्मी मुलं, निम्मे आजी-आजोबा. मधली पिढी "गाडी लावून येतो" म्हणते आणि नंतर सेवउसळीच्या गाडीवर सापडते. दोन वर्षांपूर्वी मी एका ड्रॉइंग शीटवर डावीकडे आंबोलीचा बेडूक आणि उजवीकडे काझीरंगाचा गेंडा काढून नेला होता. गेंडा बरा जमला होता. बेडकाला एका मुलीने बटाटा म्हटलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

गेंडा कुठे, बेडूक कुठे! हा बादरायण संबंध कशासाठी?

एकाचं वजन दोन टनांच्या घरात, दुसऱ्याचं लिमलेटच्या गोळीएवढं, त्यामुळे तसं वाटणारच. पण जगभरच्या प्राण्यांची प्रकृती नोंदवणारी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी आहे, तिच्यात दोघांची नावं आहेत. शिवाय दोघांच्या जिवावर उठलेली वस्तू एकच आहे. ती आपल्या बोटांच्या टोकाला असते आणि आपण ती दर आठवड्याला कापून टाकतो. ते पुढे कातडीच्या प्रश्नात सांगते.

दोघांत जास्त धोक्यात कोण?

हात वर करायला सांगितलं की सगळे हात गेंड्याकडे जातात. आजोबांचेसुद्धा.

आता यादी बघू. तिच्यात धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. आपला एकशिंगी गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्याही खाली आला होता. १९०५ साली काझीरंगाला संरक्षण द्यायचं ठरलं तेव्हा तिथे उरलेले गेंडे बोटांवर मोजण्यासारखे होते. आज भारत आणि नेपाळ मिळून चार हजारांच्या आसपास आहेत, त्यांपैकी २,६१३ एकट्या काझीरंगात (२०२२ची गणना). म्हणून २००८ साली त्याला 'संकटग्रस्त'वरून एक पायरी उतरवून 'असुरक्षित' केलं. पेशंट आयसीयूतून जनरल वॉर्डात आला म्हणा.

आंबोलीच्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी २००९ साली. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव 'झँथोफ्रायनी टायगरिना'. सिंधुदुर्गातली आंबोली आणि आसपासचा मुलूख, एवढंच त्याचं जग. यादीत तो अतिसंकटग्रस्त. म्हणजे ज्याला बटाटा म्हटलं तो गेंड्याच्या दोन पायऱ्या पुढे आहे.

पण गेंड्यावर अन्याय नको. गेंड्याच्या पाच जाती आहेत आणि त्यांपैकी तीन अतिसंकटग्रस्तच आहेत. सुमात्राचे गेंडे पन्नाससुद्धा नसावेत. मलेशियातली शेवटची मादी २०१९ साली गेली. जावाचा गेंडा आता फक्त उजुंग कुलोन या एका राष्ट्रीय उद्यानात आहे. व्हिएतनाममधला त्याचा शेवटचा भाऊबंद २०१० साली मारला गेला. आफ्रिकेचा काळा गेंडा हा तिसरा, पण तो संख्येने पुष्कळ सावरतो आहे. तेव्हा "गेंडा धोक्यात आहे का?" हा प्रश्न अर्धाच झाला. कुठला गेंडा, ते आधी सांगा.

बेडकांचं तर त्याहून अवघड. २०२३ साली जगातल्या ८,०११ उभयचर जातींची तपासणी प्रसिद्ध झाली. शंभरातल्या जवळजवळ एकेचाळीस धोक्यात निघाल्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी वाईट स्थिती पक्ष्यांची नाही, सस्तन प्राण्यांचीही नाही.

मग आमच्या सोसायटीत ओरडतो तो पण धोक्यात आहे का?

नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर लिंबासारखा पिवळाधम्मक होऊन, गालाखाली निळे फुगे फुगवून रात्रभर डराव डराव करतो, तो मोठा बेडूक अजून भरपूर आहे. कुंडीखाली सापडतो तो खरखरीत, कोरड्या अंगाचा. पाठ्यपुस्तकात त्याला भेक म्हणतात, बोलताना कोणी म्हणत नाही. शेजारच्या गुजराती बेनना दोन्ही देडकोच. शास्त्राने बघितलं तर आंबोलीचाही भेकच, पण मी बेडूक म्हणत आले आहे आणि आता सवय बदलणार नाही.

बेडूक एका वेळी हजारो अंडी घालतो. तो संपेल कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं गणित पक्कं असतं. गेंड्याची मादी जवळजवळ सोळा महिने पोटात वाढवते, एकच पिल्लू देते, पुढचं तीन-चार वर्षांनी. एक मादी मारली की पुढच्या किती पिढ्या गेल्या ते मोजता येतं. बेडकाचं तसं नाही. तो अंडी उधळतो आणि त्यांतली बहुतेक कोणाच्या तरी पोटात जातात.

मात्र सगळे बेडूक हजारोंनी घालत नाहीत. आंबोलीचा थोडीच घालतो आणि घालतो तीही जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, पावसाने भरलेल्या उथळ डबक्यात. मी एक पाहिलं ते सांगते. जूनचा दुसरा आठवडा, धुकं इतकं की पुढच्या माणसाची छत्री तेवढी दिसत होती. वाटाड्याने रस्त्याच्या कडेला बसून बोट दाखवलं. जेवणाच्या ताटाएवढं डबकं, दोन पेरं बुडतील इतकं पाणी, तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, प्रत्येकात एक काळा ठिपका. आणि ताटाच्या एका कडेवरून मोटारसायकलच्या टायरची स्वच्छ नक्षी गेलेली. तिथून पाणी झिरपत होतं. कोणाचा काही दोष नव्हता. कोणीतरी धबधबा बघायला बाजूला गाडी लावली, एवढंच.

गणितात हेच सुटतं. हजार अंडी असोत नाहीतर दहा, डबकं एकच असतं. पावसाने चार दिवस ओढ दिली, सड्यावर हॉटेल उभं राहिलं, रस्ता रुंद झाला, की त्या वर्षीची सगळी पिढी एकाच दिवशी जाते. काझीरंगाचं मूळ उद्यान ४३० चौरस किलोमीटर आहे. या बेडकाला एवढं लागत नाही, पण जे लागतं ते नेमकं घाटरस्त्याच्या आणि सेल्फीच्या जागेत येतं.

गेंड्याची कातडी जाड म्हणतात. बेडकाची?

माझ्या आवडीचा प्रश्न. निगरगट्ट माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. बिचाऱ्या गेंड्याला हे कळलं तर वाईट वाटेल. त्याची कातडी जाड आहे खरी, चिलखतासारख्या घड्या पडतात, पण ती नाजूकही आहे. उन्हाने भाजते, माश्या चावतात. म्हणून तो तासन्‌तास चिखलात बसून असतो. आपले पुढारी बसतात का?

बेडकाची कातडी उलट्या टोकाची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. श्वासही बराचसा कातडीने घेतो. म्हणजे त्याचं अंग हेच त्याचं फुप्फुस आणि तेच त्याचं तोंड. शेतातलं कीटकनाशक, गाड्यांचं तेल, गटाराचं पाणी, जे डबक्यात येतं ते त्याच्या रक्तात जातं. त्याला दार लावून घेताच येत नाही.

आता वर सांगितलेली वस्तू. ती म्हणजे केराटिन. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात ते. गेंड्याचं शिंग म्हणजे दाबून घट्ट केलेलं केराटिन. त्यात हाड नसतं. त्या शिंगासाठी त्याला गोळी घालतात.

बेडकाच्या कातडीच्या अगदी वरच्या थरातही केराटिन असतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. त्या थरात राहणारी एक बुरशी आहे. १९९९ साली तिला नाव दिलं: बॅट्राकोकायट्रियम. ती बसली की कातडी जाड होत जाते, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडतं. म्हणजे खरोखरच गेंड्याची कातडी व्हायला लागली की बेडूक मरतो. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: या बुरशीने निदान ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० संपल्याच असाव्यात. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे, मात्र अमेरिका-ऑस्ट्रेलियात झाली तशी सामूहिक मरणं इथे नोंदलेली नाहीत.

दोघांचा शत्रू किती वेगळा आहे ते इथे दिसतं. गेंड्याच्या शत्रूला चेहरा आहे, बंदूक आहे, त्याला पकडता येतं. आसाममध्ये २०१३-१४च्या सुमारास वर्षाला पंचवीसच्या वर गेंडे मारले जात होते. २०२२ साली एकही मारला गेला नाही. बेडकाच्या बुरशीवर वॉरंट कसं काढणार?

शिंगात खरंच औषध असतं का?

नाही. नख चावणाऱ्याला जेवढा गुण येतो तेवढाच. आसाम सरकारने २०२१ साली, जागतिक गेंडा दिनाला, २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली ती हेच सांगायला.

बेडकाची शिकार कोण करणार?

आपणच केली, आणि मोठ्या प्रमाणावर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. फ्रान्स-अमेरिकेतल्या ताटांत. शेतात किडे वाढले तशी आरडाओरड झाली आणि १९८७ साली निर्यात बंद केली. गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून अजूनही खपतं.

आणि बारावी सायन्सचे बेडूक? आमच्या पिढीने मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून प्रत्येकी एक तरी कापला. माझ्या बेडकाचं हृदय पिरियड संपला तरी चालू होतं. डबा खाल्ला नव्हता त्या दिवशी. आता ते बंद झालं, बरं झालं.

गेंड्याचा आणि बडोद्याचा काही संबंध?

आहे, आणि तो ऐकून आजोबा मंडळी पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवतात.

सगळ्यात जुना धागा उत्तर गुजरातचा. मेहसाण्याजवळच्या लांघणजला ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात अश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड सापडलं. दगडाची हत्यारं ठोकायला ऐरण म्हणून त्या माणसांनी ते वापरलं होतं. म्हणजे आज जिथे बोरी-बाभळी आहेत तिथे एके काळी गेंडा चरत होता.

दुसरा धागा घराजवळचा. १५१४ साली गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला जिवंत गेंडा भेट दिला. या सुलतानाची राजधानी चांपानेर, पावागडच्या पायथ्याशी, जिथे आपण नवरात्रात जातो. गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. युरोपाने हजारभर वर्षांत असा प्राणी पाहिला नव्हता. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराने तो स्वतः न बघता, नुसत्या पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं. अंगावर चक्क चिलखत, आणि मानेवर एक जास्तीचं छोटं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. पुढची कित्येक शतकं युरोपातली माणसं गेंडा असाच असतो असं समजत होती. गेंडा मात्र पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून पाठवताना जहाजाबरोबर बुडाला. साखळीने बांधलेला होता. नाहीतर गेंड्याला उत्तम पोहता येतं.

तिसरा धागा आपल्या गायकवाडीतला, आणि तो फार अभिमानाचा नाही. खंडेराव महाराजांच्या काळात (१८५६ ते १८७०) बडोद्यात हत्तींच्या साठमारीबरोबर गेंड्यांच्या झुंजीही लावत. लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्या बघून वर्णन केलं आहे. जुन्या शहरातला अग्गड, म्हणजे झुंजींचं आवार, दाखवताना लोक हत्तींबद्दल सांगतात, गेंड्यांचं कोणी काढत नाही.

बेडकाची झुंज कोणी लावली नाही आणि बेडूक कोणी पोपला पाठवला नाही.

कोण नाहीसा झाला तर जास्त नुकसान?

गेंडा हा गवताचा माळी. तो चरतो म्हणून गवत आखूड राहतं, तिथे हरणं येतात. ठरलेल्या जागी शेणाचे ढीग घालतो, त्यांतून झाडं उगवतात. नेपाळच्या चितवनमध्ये एका फळझाडाचं बी तो असं नदीकाठी पेरत जातो हे अभ्यासाने दाखवलं आहे. शिवाय गेंड्यासाठी राखलेल्या जंगलात वाघ, रानम्हैस, बारशिंगा आणि अर्थात बेडूकही फुकटात राखले जातात.

बेडकाचं काम शांतपणे चालतं. पाण्यात असताना शेवाळ खातो, बाहेर आला की किडे खातो आणि स्वतः साप-बगळ्यांचं जेवण होतो. तो गेल्यावर काय होतं याचं एक उदाहरण मध्य अमेरिकेत आहे. कोस्टा रिका आणि पनामामध्ये बुरशीने बेडूक मेले आणि त्या त्या भागात नंतरची काही वर्षं मलेरिया वाढलेला दिसला. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यानंतर घरोघरी तापाचे पेशंट असलेल्या बडोदेकरांना हे फार समजवावं लागत नाही.

मग पैसा आणि बातम्या गेंड्यालाच का?

१९ मार्च २०१८ रोजी केनियात 'सुदान' वारला. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतला तो शेवटचा नर. शेवटच्या काळात त्याच्याभोवती हत्यारबंद पहारा होता. राखणदार त्याच्या कपाळाला हात लावून बसलाय असे फोटो जगभर गेले. आमच्या ग्रुपवर तीन जणांनी तो फोटो पाठवला. त्या उपजातीच्या आता दोनच माद्या आहेत, नाजिन आणि तिची मुलगी फातू.

त्याआधी दीड वर्ष, सप्टेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेत अटलांटाच्या वनस्पती उद्यानात 'टफी' नावाचा झाडबेडूक मेला. पनामातल्या त्याच्या जातीचा तो माहीत असलेला शेवटचा. मागे दोन माद्याही नाहीत, कोणी नाही. तो फोटो आमच्या ग्रुपवर कोणी पाठवला नाही, मीसुद्धा नाही. मला ते कळलं तेच चार वर्षांनी.

डोळ्यांत पाणी येईल असा चेहरा लागतो, त्याला काय करणार. मी स्वतः शीटवर गेंड्याला पापण्या काढल्या होत्या.

पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडता येत नाहीत का?

गेंड्याच्या बाबतीत बऱ्याचदा पिंजराही लागत नाही. जिथे पुरेसे आहेत तिथून उचलून जिथे संपले तिथे न्यायचे. उत्तर प्रदेशातल्या दुधव्यात १९८४ साली आसामातून नेले. अशांततेच्या काळात आसामच्याच मानस अभयारण्यातले सगळे मारले गेले होते, तिथे २००८ पासून पुन्हा आणले. ट्रक, क्रेन, डॉक्टर, सगळं लागतं, पण जमतं.

बेडूक काचेच्या टाकीत वाढवणं त्या मानाने स्वस्त. पनामाचा सोनेरी बेडूक प्राणीसंग्रहालयांत छान वाढतोय. पण सोडायचा कुठे? ओढ्यात बुरशी अजून तशीच बसलेली आहे. जंगलात तो २००९ नंतर दिसलेला नाही.

मुलगा बेडूक पकडून बाटलीत ठेवतो. ठेवू द्यावा का?

दहा मिनिटं, झाकण उघडं, आणि हात आधी साध्या पाण्याने ओले करून. सनस्क्रीन, सॅनिटायझर किंवा ओडोमॉस लावलेल्या हाताने अजिबात नाही. कातडीचं वर लिहिलंच आहे. मग जिथून घेतला तिथेच परत. विश्वामित्रीच्या काठी मात्र बेडूक पकडायला मुलांना पाठवू नका. तिथे मगरी आहेत, आणि २०२४च्या पुरात त्या कुठवर आल्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय.

दोघांना एकाच वर्षात बघता येईल का?

येईल, कारण त्यांचे मोसम एकमेकांच्या आड येत नाहीत. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, हिवाळ्यात जा. विमानाने गुवाहाटी, तिथून रस्त्याने चार-पाच तास. गेंडा दिसेलच, पहिल्या तासाभरात दिसेल, आणि जीपमधला प्रत्येक जण "अरे बापरे" म्हणेल.

बेडकासाठी जूनमध्ये कोकण रेल्वेने सावंतवाडी, मग घाट चढून आंबोली. गाडी गावात ठेवा आणि रात्री रस्त्यावरून पायी फिरा. बॅटरीचा झोत पायापुढे. डबक्यांत पाय घालू नका, दगड उलटे करू नका. स्थानिक वाटाड्या घ्या, त्यांचे डोळे तयार असतात. मला स्वतःला तिसऱ्या खेपेला दिसला. जांभ्याचा एक लहानसा खडा समजून मी पाऊल टाकणार होते, तेवढ्यात तो खडा दोन बोटं बाजूला सरकला.